सात वर्षांनंतर दोष कोणाचा?

पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास शिरूर तालुक्यातील कवठे येमाईपासून दौंड तालुक्यातील पारगावपर्यंत कोणत्याही फाट्यावर जो उभा राहील, त्याला या भागाची सारी अर्थव्यवस्था चार चाकांवरून जाताना दिसेल. कांद्याच्या गोण्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, दुधाचे कॅन, गुऱ्हाळावरच्या गुळाच्या ढेपा हे सारे पिकअपच्या हौद्यात चढते आणि पुण्याच्या वाटेला लागते. उजाडले की त्याच हौद्यात खुरपणीला निघालेल्या बाया उभ्या असतात. लग्नसराईत त्यातच वऱ्हाड बसते, श्रावणात देवदर्शनाला निघालेली वस्ती बसते. मालवाहू वाहनातून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, हे खरे. पण ज्या वस्तीला एस.टी. वेळेवर येत नाही, त्या वस्तीने पायी चालावे, असे तरी कायद्याला मान्य आहे काय?

ही वाहने क्वचितच नवी असतात. कोरी पिकअप रांजणगावच्या वा चाकणच्या कारखान्यांची वाहतूक करणाऱ्या कंत्राटदाराच्या दारी उभी राहते. चार-पाच वर्षांत तिचे हप्ते फिटतात आणि ती विकली जाते. दुसरा मालक तिच्यावर दोन-तीन हंगाम काढतो. तिसऱ्याच्या हाती ती येते तेव्हा आर.सी. बुकावर अनेकदा दुसऱ्याचे किंवा पहिल्याचेच नाव असते. हा तिसरा मालक म्हणजे न्हावऱ्याचा वा यवतचा एखादा अल्पभूधारक तरुण. शेतीत भागत नाही म्हणून त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली असते. तोच मालक, तोच चालक, आणि बहुधा तोच हमाल. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अधिक जबाबदार माणूस हाच, आणि त्याच कायद्याच्या संरक्षणाबाहेर सर्वांत आधी ढकलला जाणारा माणूसही हाच. या विसंगतीचा येथे विचार करावयाचा आहे.

सदोष वाहन उत्पादकाने परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून द्यावे, याला वाहन उद्योगाच्या भाषेत ‘रिकॉल’ म्हणतात. भारतात कित्येक दशके याविषयी कायदाच नव्हता. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःपुरती एक ऐच्छिक आचारसंहिता केली, म्हणजे आरोपीनेच आपल्या चौकशीचे नियम लिहिले. पुढे २०१९ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून कलम ११०-अ घातले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते अमलात आले. हे कलम वाचताना कोणालाही समाधान वाटावे. वाहनातील दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय होण्याचा संभव असेल, आणि तो दोष ठराविक प्रमाणातील मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने केंद्र सरकारच्या कानी घातला असेल, तर सरकार त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने किंमत परत करावी, वाहन बदलून द्यावे किंवा दोष दुरुस्त करावा, अशी तरतूद त्यात आहे. वाहनाच्या वयाची अट या कलमात कोठेही नाही.

ती अट आली मागच्या दाराने. कायदा संसद करते आणि नियम मंत्रालयात लिहिले जातात. या कलमाखाली जे नियम २०२१ साली जाहीर झाले, त्यांनी सक्तीच्या रिकॉलची कक्षा सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आखली. सात वर्षे पूर्ण झाली की, दोष रेखाचित्रातला असो वा ओतकामातला, सक्तीच्या आदेशाचा हात उत्पादकापर्यंत पोचत नाही. संसदेने जे दार उघडले, त्याला मंत्रालयाने सातव्या पायरीवर कुलूप लावले.

आता याच सरकारचा दुसरा नियम पाहावा. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. गावात त्याला ‘पासिंग’ म्हणतात. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत हे पासिंग दर दोन वर्षांनी करावे लागते आणि त्यानंतर दरवर्षी. जुन्या वाहनांसाठी त्याचे शुल्कही चढते ठेवले आहे. याचा अर्थ सरळ आहे. वाहन जसे जुने होते तसे ते अधिक धोक्याचे होते, हे सरकारला मान्य आहे. पण त्या धोक्याचा जाब विचारताना उत्पादकाला सातव्या वर्षी मोकळे सोडायचे आणि मालकाच्या मानगुटीवर आठव्या वर्षी अधिक घट्ट बसायचे, असा हा न्याय आहे. वाहनाच्या वयाबरोबर कारखानदाराची जबाबदारी संपते आणि कष्टकऱ्याची दुप्पट होते. वर्गीय पक्षपात म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी जाड ग्रंथ उघडण्याची गरज नाही. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले तरी पुरे.

यावर उद्योगाचे वकील म्हणतील की यंत्र झिजते, त्याला उत्पादक काय करणार? हा युक्तिवाद झीज आणि दोष यांची हेतुपुरस्सर गल्लत करणारा आहे. ब्रेकचे लायनर झिजले, टायर गुळगुळीत झाला, तर तो खर्च मालकाचा, याबद्दल वाद नाही. पण ब्रेकची नळी चेसिसवर घासेल अशा जागी बसवली गेली असेल, सांधा कमकुवत जोडला गेला असेल, इंधनाची टाकी चुकीच्या ठिकाणी ठेवली असेल, तर तो दोष गाडीबरोबर जन्माला आलेला असतो. मालकाने कितीही निगा राखली तरी तो जात नाही. आणि असे दोष पहिल्याच वर्षी प्रकट होतात असेही नाही. लोखंडाला थकवा येतो तो लाखो हादऱ्यांनंतर. रबर कडक होते ते ऊन-पावसाच्या अनेक फेऱ्यांनंतर. गंज आत शिरतो तो कोणाला न दिसता. जन्मजात दोष आणि वय यांची गाठ पडते तेव्हाच अपघात होतो, आणि नेमक्या त्या वळणावर कायद्याने तोंड फिरवलेले असते.

याचे जगाने पाहिलेले ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगा. त्यांतील स्फोटक द्रव्य उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाई. मग टक्कर होताच जीव वाचवणारी पिशवी फुगण्याऐवजी तिचे धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या गळ्यात व छातीत घुसत. म्हणजे वाहन जितके जुने तितका धोका मोठा. या प्रकरणात जगभर कोट्यवधी एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या, भारतातही होंडाने याच कारणासाठी लाखो मोटारी परत बोलावल्या, आणि २०१७ साली ताकाता दिवाळखोरीत निघाली. सात वर्षांची मर्यादा ज्यांनी लिहिली, त्यांच्यासमोर हे उदाहरण ताजे होते. तरीही त्यांनी ती लिहिली.

अमेरिका हा काही समाजवादी देश नव्हे. तेथेही कारखानदारांनी सुखासुखी काही सोडले नाही. राल्फ नेडर यांचा मोटारींच्या सदोष रचनेवरचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला, लोकमत खवळले, आणि १९६६ साली तेथील काँग्रेसला वाहनसुरक्षेचा कायदा करावा लागला. विनामूल्य दुरुस्तीची तेथील मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१५ च्या कायद्याने ती पंधरा वर्षांची झाली. त्याच देशातील जुन्या पिकअपची एक कथा मात्र शिरूर-दौंडच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ या काळात बनवलेल्या पिकअप ट्रकांच्या इंधनाच्या टाक्या चेसिसच्या आत न ठेवता बाहेरच्या बाजूंना बसवल्या होत्या. बाजूने धडक बसली की टाकी फुटून आगीचा धोका होता. १९९३ साली सरकारी यंत्रणेने कंपनीला हे ट्रक परत बोलावण्याची विनंती केली. कंपनीने नकार दिला. १९९४ च्या ऑक्टोबरात वाहतूकमंत्री फेदेरिको पेन्या यांनी दोष असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. आणि डिसेंबरात तडजोड झाली. कंपनीने सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायची आणि सरकारने प्रकरण मिटवायचे. ट्रक एकही परत बोलावला गेला नाही. ते जुने झाले होते, पुष्कळसे मोडीत गेले होते, आणि उरलेले ज्यांच्याकडे होते त्यांच्यापाशी वकील लावण्याइतका पैसा नव्हता. कायदा असणे आणि तो गरिबाच्या दारापर्यंत येणे यांत किती अंतर असते, हे या कथेवरून समजते.

ते अंतर महाराष्ट्रात किती आहे? २०२१ च्या जुलैअखेरीस महिंद्र कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. द्रव वाहून नेणारी एक नळी नीट बसवली गेली नसल्याचा संशय होता. कंपनीने स्वतःहून हे जाहीर केले आणि विनामूल्य दुरुस्तीची तयारी दाखवली, हे योग्यच झाले. पण असे बोलावणे जाते कोणाला? ज्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक विक्रेत्याच्या वहीत असतो त्याला. नव्या गाडीच्या बाबतीत तो पहिला मालक असतो. हीच गाडी काही वर्षांनी वाघोलीहून केडगावला आणि केडगावहून रावणगावला जाते, तेव्हा ते बोलावणे तिच्यामागून जात नाही. तिसरा मालक अधिकृत सर्व्हिस सेंटरची पायरी चढत नाही, कारण तेथील मजुरीचा दर त्याला परवडत नाही. तो चौफुल्यावरच्या मेस्त्रीकडे जातो. मेस्त्री कुशल असतो, परंतु कारखान्याने कोणत्या क्रमांकाच्या गाड्यांविषयी काय कळवले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गळणारी नळी तो बांधून देतो, जादा पाटा टाकून देतो, आणि गाडी रोटी घाट चढू लागते.

याच्या उलट चित्र याच शिरूर तालुक्यातून दाखवता येते. रांजणगावच्या कारखान्यात जीप कंपास ही श्रीमंतांची गाडी बनते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान येथेही ती तेथूनच गेली. २०१७ च्या उत्तरार्धात बनलेल्या सुमारे १,२०० कंपास भारतात परत बोलावल्या गेल्या, कारण पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगेत सुटा राहिलेला जोडणीचा तुकडा गेला असण्याचा संभव होता. दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या आसनावर कोणाला बसवू नये, असा सल्लाही देण्यात आला. हे असेच व्हायला हवे. प्रश्न एवढाच की, ज्या तालुक्यातील कामगारांच्या हातून बनलेल्या गाडीत एका प्रवाशाच्या आसनाची इतकी काळजी घेतली जाते, त्याच तालुक्यातील मजूर स्त्रिया ज्या गाडीच्या हौद्यात उभ्या राहतात, तिच्या नळीची आणि सांध्याची चौकशी दहाव्या वर्षी कोण करणार?

सरकार म्हणेल की मालकांनी तक्रार करावी, त्यासाठी संकेतस्थळ आहे. परंतु तक्रारींची संख्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या आकड्याला भिडल्याखेरीज त्या मार्गाने चक्र फिरत नाही. ज्याच्या नावावर गाडीच चढलेली नाही, त्याची तक्रार मालकाची तक्रार म्हणून मोजली तरी जाईल काय? आणि सकाळी आडत्याकडे, दुपारी मेस्त्रीकडे, सायंकाळी पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यापुढे उभा राहणारा माणूस संगणकावर अर्ज भरीत बसेल, ही कल्पना वातानुकूलित दालनातच सुचू शकते. दंडाचीही तीच गत. नियमांनी उत्पादकासाठी ठरवलेला दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत आहे. समजा, तीस हजार गाड्यांतील दोष एखाद्या कंपनीने दडवून ठेवला आणि तिला कमाल दंड झाला, तर तो गाडीमागे साडेतीनशे रुपयेदेखील भरत नाही. ही शिक्षा नव्हे, हा किरकोळ खर्च आहे. कोणताही हिशेबनीस तो खर्चाच्या बाजूला निमूट मांडून मोकळा होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पिकअपचे अपघात दोषामुळे कमी आणि जादा भार, वेग, थकवा यांमुळे अधिक होतात, असे म्हटले जाते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या स्त्रियांची पिकअप दरीत कोसळली आणि किमान दहा जणींचा जीव गेला. तो अपघात वाहनातील दोषाने झाला, असे येथे सुचवावयाचे नाही. जादा भार हा मृत्यूला आमंत्रण देतो आणि तो भरणाऱ्याची जबाबदारी कोणी नाकारू नये. परंतु अशा प्रत्येक अपघातानंतर पहिला व बहुधा शेवटचा प्रश्न चालकालाच विचारला जातो. अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करण्याची तरतूद कायद्याच्या कलम १३६ मध्ये आहे, आणि अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजना राज्य सरकारने आखाव्यात, असे कलम १३५ सांगते. तपासणीचे अहवाल पोलिसांच्या कागदपत्रांत आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत एकेकटे पडून राहतात. एकाच प्रकारच्या गाडीचा तोच सांधा पाच तालुक्यांत तुटला असेल, तर ते पाच कागद एकत्र ठेवल्याशिवाय कळणार कसे? चालकाचा दोष शोधायला हवालदार पुरतो. कारखान्याचा दोष शोधायला राज्यसंस्थेची इच्छा लागते.

‘जुनी वाहने मोडीत काढा’ हा तिसरा उपदेश सर्वांत सोपा आणि सर्वांत निर्दय आहे. तिसऱ्या मालकाची गाडी मोडीत गेली तर तिच्याबरोबर त्याचे कर्ज मोडीत जात नाही. सदोष माल विकून नफा कमावणाऱ्याने दुरुस्ती करायची नाही, आणि तो माल ज्याच्या गळ्यात पडला त्याने स्वखर्चाने तो फेकून नवा माल त्याच कारखानदाराकडून घ्यायचा, यालाच धोरण म्हणत असतील तर त्याचे लाभार्थी कोण, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय असा की, सुरक्षेशी निगडित जन्मजात दोषांसाठी सात वर्षांची अट रद्द व्हावी. निदान ती पंधरा वर्षांपर्यंत तरी न्यावी. यासाठी संसदेची नवी दुरुस्ती लागत नाही, मंत्रालयाने आपलाच नियम बदलला तरी पुरेसे आहे. दुसरा उपाय, रिकॉलची सूचना मालकाच्या नावामागे न धावता गाडीच्या चेसिस क्रमांकामागे धावावी. गाडी दरवर्षी पासिंगला येतेच. तेव्हा निरीक्षकाने तो क्रमांक पाहून प्रलंबित रिकॉल असल्यास मालकाला मराठीत लेखी कळवावे, आणि ती दुरुस्ती जवळच्या तालुक्याच्या गावी विनामूल्य व्हावी. जी तपासणी आज कष्टकऱ्याला छळण्याचे साधन झाली आहे, तीच त्याच्या रक्षणाचे साधन होऊ शकते. तिसरा उपाय, अपघातग्रस्त वाहनांचे तपासणी अहवाल वाहनप्रकारानुसार संकलित करून दरवर्षी जनतेपुढे ठेवावेत. चौथा उपाय, चाचणी संस्थांनी कारखान्यातून आलेल्या कोऱ्या गाड्यांबरोबरच दहा-बारा वर्षे राबलेल्या गाड्याही नमुन्यादाखल तपासाव्यात. वाहन उद्योग व सरकार यांच्या सहकार्याने १९६६ साली उभी राहिलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्याच्या टेकडीवर आहे; तेथून चौफुला फार दूर नाही.

परंतु मागण्या कागदावर मांडल्याने मिळत नाहीत, हा या महाराष्ट्रातील प्रत्येक चळवळीचा अनुभव आहे. कायद्यातील ‘अन्य कोणत्याही मार्गाने’ हे शब्द वापरण्याचा अधिकार एकट्या मालकापेक्षा संघटनेला अधिक परिणामकारकपणे बजावता येईल. चालक-मालकांच्या संघटना, बाजार समित्यांतील हमाल, गॅरेजातील मेस्त्री आणि ग्रामपंचायती यांनी एक साधी वही ठेवावी: कोणत्या वर्षाची, कोणत्या प्रकारची गाडी, काय तुटले, कोठे तुटले. चौफुल्यावरच्या मेस्त्रीला जे ठाऊक आहे ते दिल्लीच्या मंत्रालयाला ठाऊक नाही. ते त्याच्या तोंडून कागदावर उतरले की तोच पुरावा होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार धोकादायक माल परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे; तेथेही ही वही नेऊन ठेवता येईल.

दोषाला वय नसते. वय असते ते फक्त जबाबदारी टाळण्याच्या सवलतीला, आणि ती सवलत कोणी कोणाला दिली हे नियमांत छापलेले आहे. उद्या पहाटे पुन्हा कांदा भरला जाईल, बाया हौद्यात उभ्या राहतील, दहा वर्षांची गाडी घाटाला लागेल. तिच्या ब्रेकवर पाय त्या तरुणाचा असेल. पण ती नळी ज्याने बसवली आणि जो तिच्यावर नफा घेऊन बाजूला झाला, त्याचे नावही त्या गाडीच्या जबाबदारीच्या कागदावर तिच्या शेवटच्या फेरीपर्यंत राहिले पाहिजे.